अकरावा महिना

पप्पांनी आयुष्यात एकही वस्तू संशय न घेता विकत घेतली नाही. दोहात तेव्हा सतत कुणी ना कुणी नोकरी संपवून कायमचं घरी निघालेलं असायचं आणि निघण्याआधी घरातलं सगळं विकायला काढायचं. फ्रिज, गाद्या, मुलांच्या सायकली, अर्धा भरलेला गॅसचा सिलिंडर. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपली की पप्पा मला बरोबर घेऊन अशा घरांत जायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. सरळ फ्रिजमागे शिरायचे, मागच्या जाळीवर हात ठेवायचे, दार उघडून आतला वास घ्यायचे आणि मग विचारायचे, इतका चांगला आहे तर विकताय कशाला? समोरचा माणूस बापडा सांगायचा, अहो, पुढच्या आठवड्यात आमचं विमान आहे. पप्पा मान डोलवायचे, पण त्यांच्या तोंडावरून कळायचं की विमानाचं त्यांना काही पटलेलं नाही. आई म्हणायची, गॅब्रिएल देवदूत निरोप घेऊन आमच्या दारात आला असता तर यांनी आधी त्याचा बताका मागितला असता. बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र. मला या फेऱ्यांची अतोनात लाज वाटायची. त्या घरांतली मुलं बहुतेक वेळा माझ्याच शाळेत असायची.

आमचं घर अल मन्सूरातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान आणि त्याला लागून इराण्याची बेकरी, त्यामुळे सकाळी जाग यायची ती गरम खुबूसच्या वासाने. पाण्याचा टँकर येऊन घरघरत उभा राहायचा. खिडक्यांतले एसी दिवसभर खडखडायचे आणि त्यांचं पाणी खाली लावलेल्या गाड्यांच्या टपांवर ठिबकत राहायचं. पप्पा एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला होते. आई घरी बॉटल मसाला करून ओळखीपाळखीत विकायची. वसईहून आणलेल्या मिरच्या गच्चीवर वाळत टाकल्या की तिथल्या उन्हात बघता बघता कडकडीत व्हायच्या, आणि ती मसाला दळायला बसली की आख्खा जिना शिंकायचा. एखादीने दोन बाटल्या जास्त मागितल्या की पप्पा लगेच म्हणायचे, ती पुढे विकणार बघ. विकू दे की, आई म्हणायची. घरात बोलणं मराठीत चालायचं, पण मी उत्तरं इंग्रजीत द्यायचे. हे मराठी मी पुढे वसईला परत आल्यावर, पंचविशी उलटल्यावर कमावलं. तेव्हाची बोलणी लिहिताना आता मला तिघाचौघांची मराठी आठवते, माझी मात्र आठवत नाही.

घर अर्थात आमचं नव्हतं. एका म्हाताऱ्या अरबाचं होतं, त्याला आम्ही फारसं कधी पाहिलं नाही. भाडं न्यायला त्याचा माणूस यायचा आणि इमारतीवर नजर ठेवायला खाली नातूर होता, म्हणजे आपल्याकडचा वॉचमन. त्या वर्षांत दोहात जिकडेतिकडे क्रेन उभ्या राहायला लागल्या आणि भाडी अशी चढली की लोक घाबरून गेले. मग सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. एक खोली दुसऱ्याला द्यायची ठरवली. मी आईबरोबर हॉलमध्ये झोपायला लागले आणि माझी बाल्कनीवाली खोली गेली संगीता सिस्टर आणि तिच्या नवऱ्याकडे, दत्ताकडे.

दोघं उदगीरकडची. ती एका क्लिनिकमध्ये नर्स, तो इंडस्ट्रियल एरियात एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण कतारमध्ये येऊन ती दोघं वेगवेगळी राहत होती. त्याची जागा कंपनीच्या कॅम्पात, जिथे बायकांना मज्जाव. तिची जागा नर्सेसच्या हॉस्टेलात, जिथे पुरुषांना मज्जाव. दर शुक्रवारी दोघं कॉर्निशवर समुद्राकडे तोंड करून बसायची, हा त्यांचा संसार. गावाकडे आजीजवळ ठेवलेली एक मुलगी होती, अश्विनी. आमच्या खोलीत आली त्या दिवशी संगीताने खिडकीच्या काचेवर तिचा फोटो चिकटवला आणि आईला म्हणाली, खोली झाली, आता लेकराला आणायचं. तिघांनी एका छपराखाली राहायला त्या शहरात त्यांना परवडेल अशी ती एकच जागा होती. हे आईला पहिल्या दिवशी कळलं. पप्पांना त्यात वेगळंच काहीतरी दिसलं.

पप्पांच्या अटी आधीच सांगून झाल्या होत्या. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. दारावर नाव लावायचं नाही. आमच्या पत्त्यावर पत्र मागवायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी अट, अकरावा महिना संपला की खोली पूर्ण रिकामी करून एक आठवडा बाहेर राहायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. गादी, भांडी, खिडकीवरचा फोटोसुद्धा. मग आठवड्याने नव्याने यायचं, जणू काही पहिल्यांदाच येताय. दत्ता हसला आणि म्हणाला, काका, तुमचं बरंय की, वर्साला खोली धुऊन निघंल. तो हसतमुख माणूस होता. पप्पांनी त्याच्या हसण्याचाही संशय घेतला, मला नंतर म्हणाले, बाय, ज्याला अट ऐकून राग येत नाही त्याने ती मोडायचं आधीच ठरवलेलं असतं. आज आमच्या वसईत भाडेकरूचा हक्क लागू नये म्हणून प्रत्येक फ्लॅटचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि त्यात कुणालाच काही वाटत नाही. पण कतारमध्ये असला कुठलाही रिवाज नव्हता. तिथे भाडेकरूला खोली बळकावता येत नाही हे शाळेतल्या मलाही कळत होतं. हा माणूस आपला कायदा पेटीत घालून विमानाने घेऊन आला होता.

खोलीत बिऱ्हाड आलं आणि घराचा आवाज बदलला. संगीता ड्युटीवरून आली की भाकऱ्या थापायची. ज्वारीचं पीठ गावाहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या सामानातून यायचं, तिथे विकत मिळत नसे, म्हणून ती ते फार जपून वापरायची आणि तरी आमच्यासाठी एक भाकरी जास्तीची करायची. वर शेंगदाण्याची चटणी आणि इतका तिखट ठेचा की बॉटल मसाल्यावर वाढलेली मीसुद्धा पाणी मागायचे. आई तिला सुक्या बोंबलाची चटणी द्यायची, सुकेळी द्यायची. सुकेळी खाऊन दत्ता म्हणाला, हे केळं हाय व्हय? मला खजूर वाटला. पप्पा जेवताना भाकरी आनंदाने मोडायचे, पण ती दोघं खोलीत गेली की हळू आवाजात विचारायचे, हे रोज रोज देणं कशासाठी चाललंय? आई म्हणायची, जेवणासाठी. ती दोघं कामावर गेली की पप्पा बाल्कनीच्या बाजूने जाऊन खोलीत डोकवायचे, भिंतीकडे बघून यायचे. एकदा कॅलेंडर भिंतीवर दिसलं तेव्हा मोठा अनर्थ झाल्यासारखं आईला हाक मारली. कॅलेंडर चिकटपट्टीने लावलेलं होतं.

पहिला अकरावा महिना हसतखेळत गेला. दत्ताने वर्कशॉपची पिकअप आणली, सगळं सामान त्यात रचलं, ती हॉस्टेलला, तो कॅम्पात. आठवड्याने परत आली तेव्हा संगीताने आईला पाहुणी आल्यासारखा उंबऱ्यातूनच आवाज दिला, खोली मिळंल का हो काकी? आई हसून हसून खुर्चीत बसली. पप्पाही हसले. त्या एका आठवड्यात ते किती निवांत होते ते मला आठवतं. रिकाम्या खोलीत उघड्या फरशीवर चटई टाकून दुपारची झोप काढायचे.

मग अश्विनी आली. व्हिजिट व्हिसावर आली होती. तो व्हिसा वाढवत राहायचं आणि तेवढ्यात तिचा कायमचा व्हिसा करून घ्यायचा, असं संगीताने क्लिनिकमधल्या कुणालातरी धरून ठरवलं होतं. मुलगी एकदा देशाबाहेर गेली की मात्र खलास, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. हे तिने आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. पोर पाच वर्षांची, काळीसावळी, बोलायला फटकळ. आईबापांना ओळखायला तिला थोडे दिवस लागले, दत्ताला तर ती सुरुवातीला 'ओ मामा' म्हणायची आणि तो बाल्कनीत जाऊन तोंड फिरवून उभा राहायचा. पण महिन्याभरात ती त्याच्या पाठीवर चढून घरभर फिरायला लागली. मला तिची आजीकडची मराठी ऐकून मजा वाटायची. मी इंग्रजीत काही बोलले की ती म्हणायची, नीट बोल की ताई. त्या घरात मला मराठी बोलायला लावणारी ती पहिली.

संगीताने तेलाच्या रिकाम्या डब्यात माती आणून अश्विनीच्या हाताने मेथी पेरली. बाल्कनीत एसीच्या पाण्याखाली तो डबा ठेवला आणि चार दिवसांत हिरवे कोंब वर आले. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. पप्पा कामावरून आले, डबा बघितला आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. कुणी लावलं हे, एवढंच विचारलं. मग डबा स्वतः उचलून खाली जिन्यापाशी, उन्हात नेऊन ठेवला. अश्विनी रडायला लागली. संगीताने तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. दत्ताने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, काका, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. पप्पा म्हणाले, इथे काही लावायचं नाही. बस्स.

त्या संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात बसवून आमच्या वाडीची गोष्ट सांगितली. वसईची ती केळीची वाडी, जिच्या जिवावर आमची आत्या, काका, आम्ही सगळे माणसात आलो, ती मुळात आमची नव्हती. पप्पांच्या आजोबांनी ती गिरगावातल्या एका मालकाकडून खंडाने घेतली होती, म्हणजे वर्षाला ठरलेला माल आणि ठरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि वरचं आपलं. दोन पिढ्या असंच चाललं. मालक उन्हाळ्यात छत्री घेऊन यायचे, विहिरीच्या कठड्यावर बसून केळी खायचे, खंड घ्यायचे आणि परत गिरगावात. मग सरकारने कायदा केला, कसेल त्याची जमीन. कसतंय कोण हे बघायला तलाठी आला. विहिरीजवळचे माड कुणी लावले? आमच्या आजोबांनी. पानवेली कुणाच्या? आमच्या. वर्षानुवर्षं इथे राहिलं कोण? आम्ही. थोडे पैसे भरले आणि वाडी आमच्या नावावर झाली. पुढच्या उन्हाळ्यात मालक नेहमीसारखे आले. त्यांना पाणी दिलं, पण खंड दिला नाही. ते बराच वेळ विहिरीवर बसून राहिले आणि घरातलं कुणीही बाहेर गेलं नाही. तुझे पप्पाही घरातच होते, आई म्हणाली. मी विचारलं, मग चोर आम्ही की ते? आईने डोळे वटारले. कायदा चांगलाच होता, ती म्हणाली, तुझे आजोबा राबले होते त्या मातीत. पण म्हणून यांना त्या म्हाताऱ्याचं तोंड विसरता आलंय असं नाही.

दुसरा अकरावा महिना जवळ आला तसं घरातलं बोलणं कमी व्हायला लागलं. आम्हाला वाटलं होतं, या खेपेस पप्पा विषय काढणार नाहीत. त्यांनी काढला. या वेळी पोर होती. कॅम्पात तिला नेता येत नव्हतं आणि हॉस्टेलात मुलांना परवानगी नव्हती. संगीता ड्युटीचे कपडे न बदलताच हॉलमध्ये येऊन उभी राहिली, दत्ता तिच्या मागे.

"काका, आम्ही जातो," ती म्हणाली. "सामान बी सगळं नेतो. लेकराला तेवढं आठ दिवस काकींजवळ राहू द्या."

पप्पा टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

"माणूस राहिलं म्हणजे वहिवाट राहिली," ते म्हणाले. "सामान नेऊन मग उपयोग काय?"

आईचा संयम सुटला. तिला मी त्याआधी आणि त्यानंतर कधी अशी बोलताना ऐकलं नाही. ती पप्पांना त्या दोघांच्या देखत म्हणाली, पाच वर्षांची पोर तुमचं काय बळकावणार आहे? आणि हे घर तुमचं आहे का? अरबाचं घर आहे हे.

"वाडी तरी कुठे आपली होती," पप्पा म्हणाले.

संगीताला त्यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की नकार आला. ती खोलीत जाऊन सामान बांधायला लागली. दत्ता या वेळी हसला नाही. पिकअप भरून झाल्यावर अश्विनीने मला विचारलं, ताई, तू येत नाहीस का? मी आईकडे बघितलं. आई जिन्यात उभी होती, तिने डब्यात भरलेली सुकेळी पोरीच्या हातात दिली आणि म्हणाली, शुक्रवारी तुला आवडतो तसा भात करीन. संगीताने जाताना सांगितलं की क्लिनिकमधल्या एका मैत्रिणीच्या घरी पोरीची सोय बघितली आहे. तेवढ्यावर आम्ही मन शांत करून घेतलं.

आठवडा झाला. आईने खोली पुसून काढली, खिडकी उघडून हवा खेळती केली, भात केला. कुणी आलं नाही. पप्पा दारापर्यंत जाऊन खाली वाकून बघायचे आणि परत यायचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी सांगत होतो ना, यांनी आधीच दुसरी जागा बघून ठेवली असणार, स्वस्तात मिळाली असेल. आई म्हणाली, चला, जाऊन विचारू. आम्ही तिघं गाडीत बसून नर्सेसच्या हॉस्टेलवर गेलो. पप्पांना आत सोडणार नव्हते, म्हणून निरोप पाठवला आणि फाटकापाशी उभे राहिलो. ऊन मावळत होतं, तरी फाटकाची लोखंडी सळई हात लावण्याजोगी नव्हती. संगीता बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते. आई म्हणाली, अगं, येताय ना? अश्विनी कुठाय?

मैत्रिणीच्या घरी पोर दोन रात्री राहिली, मग तिच्या नवऱ्याची कुरबुर सुरू झाली. दुसऱ्या एकीकडे एक दिवस. दत्ताने सुट्टी मागितली, ती मिळाली नाही. त्यांच्या गावाकडचा एक माणूस बायकोसह सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर पोरीला परत आजीकडे पाठवलं. हे सगळं संगीताने अगदी सरळ आवाजात, पेशंटची माहिती द्यावी तसं सांगितलं. पप्पांनी विचारलं, मग परत कधी येईल? आणि विचारता विचारताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

"व्हिसा संपला, काका," ती म्हणाली. "आम्हाला तुमची खोली नको होती. लेकरू जवळ पाहिजे होतं, तेवढंच."

आईने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने धरू दिला, पण तो तसाच लोंबकळत ठेवला. मग ड्युटीची वेळ झाली म्हणून ती आत गेली. त्या खोलीसाठी आता त्यांना काही कारणच उरलं नव्हतं. तो कॅम्पात, ती हॉस्टेलात, पुन्हा पहिल्यासारखं.

आम्ही परत निघालो. पप्पा गाडी फार हळू चालवत होते, मागचे हॉर्न वाजवत होते. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, ती खरं बोलत होती.

"माहीत आहे," पप्पा म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. "मालकांनी एकदा वाडी परत मागितली होती. कायद्याच्या आधी. माझा बाप त्यांच्या पायांवर पडला. मला जमीन नको मालक, म्हणाला, माझी पोरं माझ्याजवळ राहू देत, एवढंच. मालकांनी ऐकलं. माझा बापही तेव्हा खरंच बोलत होता."

मला मागच्या सीटवर रडू फुटलं. अश्विनीसाठी रडत होते आणि पप्पांचा असा काही राग आला होता की त्यांच्या मानेकडेही बघवेना. पण ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलताना दिसले, तेव्हा मला त्या रागाचं काय करावं ते कळेना.